पसरला, की नवा?

पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी करायला गेलेल्या साठीच्या गृहस्थांच्या रिपोर्टात खडे राहतात बाजूला आणि डाव्या किडनीवर चार सेंटिमीटरची गाठ निघते. हे हल्ली सर्रास घडतं. किडनीच्या निम्म्याहून अधिक गाठी अशाच, दुसरंच काही शोधताना सापडतात. मग पोटाचा आणि छातीचा सीटी स्कॅन होतो, आणि त्यात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात दीड सेंटिमीटरचा एक ठिपका दिसतो. घरात रिपोर्ट हातात घेणाऱ्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘पसरला’. पुढचं सगळं त्या शब्दावर ठरतं. आता ऑपरेशन करून काय उपयोग, उगाच कापाकापी नको, असलेले दिवस सुखाने जाऊ देत, अशी बोलणी त्याच संध्याकाळी सुरू होतात.

पुष्कळदा तो शब्द खराही असतो. किडनीचा कॅन्सर पसरतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळा फुप्फुसातच जातो. पण याच गृहस्थांनी चाळीस वर्षं सिगारेट ओढलेली असेल तर तो ठिपका फुप्फुसाचा स्वतःचा कॅन्सरही असू शकतो. किडनीतल्या गाठीशी काहीही नातं नसलेला, पहिल्या टप्प्यातला, वेळेत काढला तर बरा होणारा. एकाच माणसाला दोन वेगळे कॅन्सर होतात ही कल्पनाच आपल्याला पचत नाही, त्यामुळे हा पर्याय कुणाच्या मनातही येत नाही. किडनीच्या बाबतीत तो मनात यायला हवा, कारण या रुग्णांमध्ये दुसरा स्वतंत्र कॅन्सर आढळणं मुळीच दुर्मीळ नाही.

व्हिएन्नाचे सर्जन थिओडोर बिलरोथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच अशा जोडीच्या कॅन्सरकडे लक्ष वेधलं होतं. आज जे निकष पायाभूत मानले जातात ते मात्र १९३२ चे, शील्ड्स वॉरन आणि ऑलिव्ह गेट्स या अमेरिकी अभ्यासकांनी घातलेले. अटी तीनच. दोन्ही गाठी कॅन्सरच्याच हव्यात, दोन्ही एकमेकींपासून वेगळ्या असायला हव्यात, आणि एक गाठ दुसरीतून पसरून झालेली नाही याची खात्री हवी. पहिल्या दोन अटी सोप्या आहेत. सगळी डोकेफोड तिसरीत आहे आणि नव्वद वर्षांनंतरही ती संपलेली नाही. दोन्ही कॅन्सर साधारण सहा महिन्यांच्या आत सापडले तर ते ‘एकाच वेळचे’ आणि त्याहून जास्त अंतराने सापडले तर ‘मागाहूनचे’ धरायचे असा एक प्रघात आहे. काही कॅन्सर नोंदवह्या हीच मुदत दोन महिन्यांची धरतात.

प्रमाण किती? नॉर्वेतल्या संशोधकांनी किडनीच्या कॅन्सरच्या १,४२५ रुग्णांचा हिशोब २००६ साली मांडला, तेव्हा साधारण सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी दुसरा स्वतंत्र कॅन्सर झालेला आढळला. त्याआधी, १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयाने आपल्या रुग्णांचा असाच अभ्यास केला. तिथे हे प्रमाण चतुर्थांशाहून अधिक निघालं. काही ठिकाणी ते ५ टक्क्यांच्या आसपासच आहे. इतकी तफावत पाहून वाचक गोंधळतो, पण हे आकडे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात गुंतागुंतीचे रुग्ण गोळा होतात. कुणी त्वचेचे किरकोळ कॅन्सर धरतं, कुणी वगळतं. कुणी किडनीच्या आधी होऊन गेलेले कॅन्सरही मोजतं, कुणी फक्त नंतरचे. कुणी रुग्णांचा माग तीन वर्षं ठेवतं, कुणी वीस. आकडा वाचण्याआधी तो कसा मोजला हे विचारलं नाही, तर त्यातून फक्त भीती मिळते.

आणखी एक घोळ आहे. किडनीत जिथे लघवी गोळा होते त्या नरसाळ्याच्या आतल्या अस्तरालाही कॅन्सर होतो. पण ते अस्तर मूत्राशयाच्या अस्तराच्याच जातीचं आहे आणि त्या कॅन्सरचा स्वभावही मूत्राशयाच्या कॅन्सरसारखा आहे. अशा रुग्णांना पुढे मूत्राशयात गाठ होण्याचं प्रमाण मोठं असतं. किडनीच्या मांसल भागात होणारा नेहमीचा कॅन्सर, ज्याला डॉक्टर ‘रीनल सेल कार्सिनोमा’ म्हणतात, तो वेगळा. मोठ्यांमधल्या किडनीच्या कॅन्सरपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के हाच असतो. दोन्हींना ‘किडनी’ या एकाच खात्यात टाकलं की दुसऱ्या कॅन्सरचा आकडा फुगतो. या लेखात पुढे जे आहे ते या नेहमीच्या कॅन्सरबद्दलच.

दुसरे कॅन्सर कोणते असतात, तर पाश्चात्त्य देशांतल्या याद्यांमध्ये प्रोस्टेट, मूत्राशय, फुप्फुस, स्तन, मोठं आतडं, लसिकाग्रंथींचा लिम्फोमा आणि त्वचेचा मेलानोमा ही नावं पुन्हा पुन्हा येतात. यादी वाचताना एक गोष्ट नजरेतून सुटू नये. यांतले बहुतेक त्या देशांतले एरवीचेच नेहमीचे कॅन्सर आहेत. पासष्टीचे हजार निरोगी पुरुष घेतले तरी पुढच्या दहा वर्षांत त्यांतल्या काहींना प्रोस्टेटचा कॅन्सर होणारच. म्हणून खरा प्रश्न असा विचारायला हवा, की त्याच वयाच्या, त्याच देशातल्या लोकांमध्ये जितके कॅन्सर अपेक्षित होते त्याहून या रुग्णांमध्ये जास्त झाले का? समजा शंभर अपेक्षित होते आणि एकशेवीस झाले, तर गुणोत्तर १.२ आलं. म्हणजे जादाचे वीसच. बाकीचे शंभर किडनीत गाठ नसती तरी झालेच असते. मोठ्या नोंदवह्यांमधून जादा धोका निघतो, पण एकूण पाहता तो माफक असतो. काही ठरावीक जोड्यांमध्ये मात्र तो ठळक दिसतो.

या जादाच्या विसांमागची कारणं एका साच्यातली नाहीत, आणि माझ्या मते त्यांतलं सर्वात दुर्लक्षित कारण अगदी साधं आहे. ते म्हणजे शोध. किडनीच्या रुग्णाचे जेवढे स्कॅन होतात तेवढे त्याच्या शेजाऱ्याचे होत नाहीत. लघवीतून रक्त गेलं म्हणून युरोलॉजिस्टकडे आलेल्या माणसाच्या किडन्या सीटीवर पाहिल्या जातात आणि मूत्राशयात दुर्बीणही घातली जाते. एकाच तक्रारीपायी दोन अवयवांची झडती होते. त्याच फेरीत प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणीही लिहून दिली जाते. उलट बाजूनेही हेच घडतं. आतड्याच्या कॅन्सरसाठी केलेल्या स्कॅनमध्ये किडनीतली दोन सेंटिमीटरची निरुपद्रवी वाटणारी गाठ सापडते, जी एरवी कदाचित जन्मभर कळलीच नसती. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत दुसऱ्या कॅन्सरची संख्या उसळते त्यात या झडतीचा मोठा वाटा आहे.

दुसरं कारण म्हणजे सामायिक सवयी आणि व्याधी. सिगारेट-विडीचा धूर फुप्फुसात जातो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातली विषारी द्रव्यं रक्तात उतरतात, किडनीतून गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात तासन् तास साठून राहतात, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. फुप्फुस, किडनी, मूत्राशय अशी ती एकच वाट आहे. लठ्ठपणा हे किडनीच्या कॅन्सरचं दुसरं मोठं कारण, आणि तोच मोठं आतडं, गर्भाशयाचं अस्तर आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर यांचाही धोका वाढवतो. किडनी निकामी होऊन वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या आकसलेल्या किडन्यांमध्ये पाण्याच्या गाठी होतात आणि त्यांतल्या काहींत कॅन्सर निघतो. पुढे किडनी बदलली तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे त्वचेचे कॅन्सर आणि लिम्फोमा यांचा धोका वाढतो.

उपचारांमुळे नवा कॅन्सर होतो का, ही शंका रुग्णांच्या मनात असते. काही कॅन्सरमध्ये ती खरी आहे. हॉजकिन लिम्फोमासाठी कोवळ्या वयात छातीवर किरणोपचाराचा शेक घेतलेल्या मुलींना पुढे स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. किडनीचं तसं नाही. इथला मुख्य उपचार म्हणजे शस्त्रक्रिया. जुन्या पद्धतीची किमोथेरपी या कॅन्सरवर जवळपास चालतच नाही आणि नेहमीच्या शेकालाही तो फारशी दाद देत नाही. त्यामुळे उपचारांवर खापर फोडता येत नाही. स्वीडनमधल्या अभ्यासकांनी तिथल्या कौटुंबिक कॅन्सर नोंदींवरून हीच गोष्ट वेगळ्या रीतीने तपासली. किडनीच्या कॅन्सरनंतर अमुक एक कॅन्सर वाढतो का आणि त्या कॅन्सरनंतर किडनीचा वाढतो का, असं दोन्ही दिशांनी पाहायचं. दोन्हीकडून वाढ दिसली तर मुळाशी काहीतरी समान आहे, मग ती सवय असो वा जनुक.

जनुकांचा वाटा छोटा, पण महत्त्वाचा. किडनीचे साधारण ५ ते ८ टक्के कॅन्सर आनुवंशिक असतात. त्यांतला सर्वांत अभ्यासलेला आजार म्हणजे फॉन हिप्पेल-लिंडाऊ. डोळ्यांचे जर्मन डॉक्टर ऑयगेन फॉन हिप्पेल यांनी १९०४ च्या सुमारास डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या गाठी वर्णन केल्या. स्वीडनच्या आर्विड लिंडाऊ यांनी १९२६ मध्ये त्यांचा मेंदूतल्या आणि पोटातल्या गाठींशी संबंध जोडला. सुमारे ३६ हजार जन्मांमागे एकाला हा आजार असतो. त्या माणसाच्या दोन्ही किडन्यांत, स्वादुपिंडात, अधिवृक्क ग्रंथीत, मेंदूत अशा वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्र गाठी उठत राहतात. त्यामागचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. पेशीला प्राणवायू मुबलक मिळत असताना टंचाईची हाकाटी करणारं प्रथिन नष्ट करणं हे त्या जनुकाचं काम. ते बिघडलं की पेशी भरल्या पोटी उपाशी असल्याची ओरड करते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवून घेते. प्राणवायू ओळखण्याच्या या यंत्रणेवरच्या कामासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेंझा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, याच वाटेवर घाव घालणारी बेल्झुटिफान ही गोळी अमेरिकेत या आजारासाठी मंजूर झाली. गंमत अशी, की आनुवंशिकता नसलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या किडनीतल्या गाठीतही हेच जनुक बिघडलेलं असतं. फक्त ते त्या गाठीपुरतं, बाकी शरीरात नाही.

मेलानोमा आणि किडनी या जोडीचा एक धागाही असाच सापडला. एमआयटीएफ नावाच्या जनुकातला एक विशिष्ट बदल दोन्ही कॅन्सरचा धोका वाढवतो, हे २०११ मध्ये दिसून आलं. पीटेन या जनुकातला दोष स्तन, थायरॉइड, गर्भाशय आणि किडनी यांना एका दोरीत ओवतो. म्हणून पंचेचाळिशीच्या आतला रुग्ण, दोन्ही किडन्यांत किंवा एकाच किडनीत अनेक गाठी, घरात आणखी कुणाला तसाच आजार, यांपैकी काही असेल तर जनुकतपासणीचा सल्ला देतात. त्या तपासणीचा उपयोग रुग्णाइतकाच त्याच्या भावंडांना आणि मुलांना असतो.

आता तिसऱ्या अटीकडे, म्हणजे नवा की पसरलेला हे ओळखण्याकडे. सीटीवर बऱ्याच खुणा मिळतात. दोन्ही फुप्फुसांत अनेक वाटोळ्या, गुळगुळीत गाठी असतील तर बहुधा पसरलेला. एकच गाठ, कडा काटेरी, रुग्ण धूम्रपान करणारा, तर फुप्फुसाचा स्वतःचा असण्याची शंका. पण शंका म्हणजे निदान नाही. गाठीत सुई घालून तुकडा काढावा लागतो. ‘सुई लावली की गाठ चिघळते’ ही समजूत गावोगाव घट्ट बसलेली आहे, आणि या समजुतीपायी किती जणांनी बऱ्या होणाऱ्या गाठी अंगावर काढल्या असतील त्याला गणती नाही. आजच्या पद्धतीत सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं अतिशय विरळ आहे.

काढलेला तुकडा पॅथॉलॉजिस्ट रंग देऊन पाहतो. किडनीचा सर्वांत सामान्य प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली ओळखीचा असतो. पेशी रिकाम्या, काचेसारख्या दिसतात, कारण त्यांच्यातली चरबी आणि ग्लायकोजेन काचपट्टी तयार करताना विरघळून निघून जातं. त्यांच्याभोवती बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते. शंका उरली तर प्रथिनांच्या खुणा तपासतात. पॅक्स-८ ही खूण किडनीच्या पेशींत उमटते आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये सहसा उमटत नाही. फुप्फुसाच्या एका मोठ्या गटात टीटीएफ-१ उमटते. पण गाठ थायरॉइडमधली असेल तर हा हिशोब फसतो, कारण थायरॉइडच्या पेशींतही पॅक्स-८ असते. तिथे मग थायरोग्लोब्युलिनची खूण पाहावी लागते.

थायरॉइडचा उल्लेख उगाच केलेला नाही. किडनीचा कॅन्सर कमालीचा चिवट आहे. किडनी काढून दहा, क्वचित वीस वर्षं झाल्यावर तो थायरॉइडमध्ये किंवा स्वादुपिंडात एकदम उगवतो. तोवर रुग्ण किडनीचं ऑपरेशन विसरलेला असतो, डॉक्टर बदललेला असतो. स्वादुपिंडात गाठ म्हटल्यावर घरचे हात टेकतात, कारण स्वादुपिंडाच्या स्वतःच्या कॅन्सरची ख्यातीच तशी आहे. पण तो सीटीवर आसपासच्या भागापेक्षा फिका दिसतो. किडनीतून आलेली गाठ रक्ताने भरलेली असते, म्हणून डाय सोडताच पहिल्या काही सेकंदांत ती झगझगते. तिची वाढ संथ असते आणि काढता आली तर रुग्ण पुढे अनेक वर्षं जगू शकतो. म्हणजे चूक दोन्ही दिशांनी होते. फुप्फुसात नव्याला जुना समजण्याची आणि स्वादुपिंडात जुन्याला नवा समजण्याची. दोन्ही चुकांमध्ये बरा होऊ शकणारा माणूस उपचारांविना घरी पाठवला जाऊ शकतो.

याहून अजब प्रकारही नोंदलेला आहे. क्वचित एका कॅन्सरच्या गाठीतच दुसरा कॅन्सर पसरून रुजतो. अशा प्रसंगी यजमान असलेली कॅन्सरची गाठ बहुतेकदा किडनीचीच असते आणि पाहुणा बहुधा फुप्फुसाचा. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा किडन्यांना मिळतो आणि ही गाठ चरबी, ग्लायकोजेन व रक्तवाहिन्यांनी समृद्ध असते, म्हणून असं होत असावं असा तर्क आहे.

दोन कॅन्सर सिद्ध झाले की आधी कोणता, हा प्रश्न येतो. चार सेंटिमीटरच्या आतल्या किडनीच्या गाठी सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरच्या आसपासच वाढतात. तेव्हा लिम्फोमा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर सोबत असेल तर किडनीचा उपचार थोडा पुढे ढकलता येतो. आतड्याची आणि किडनीची शस्त्रक्रिया कधी एकाच भुलीत उरकतात. मात्र किडनी सरसकट काढण्याची घाई इथे महागात पडते. मूत्राशयाच्या आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर वापरलं जाणारं सिस्प्लॅटिन हे औषध किडनीवर भार टाकतं, आणि एका किडनीवर असलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाला ते देता येईलच असं नाही. म्हणून शक्य तिथे फक्त गाठ काढून उरलेली किडनी राखणं म्हणजे पुढच्या कॅन्सरच्या उपचारांची वाटही मोकळी ठेवणं आहे. मेलानोमाच्या बाबतीत उलट सोय झाली आहे. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणारं औषध अमेरिकेत २०१४ मध्ये मेलानोमासाठी आणि २०१५ मध्ये किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, त्यामुळे ही जोडी असलेल्या रुग्णात एकाच औषधाचा विचार करता येतो.

यांतले बरेच हिशोब नॉर्वे-स्वीडनमधून येतात यामागे कारण आहे. स्वीडनमध्ये १९४७ पासून प्रत्येक नागरिकाला आयुष्यभराचा एक क्रमांक आहे आणि १९५८ पासून देशव्यापी कॅन्सर नोंदवही. माणूस गाव बदलो, रुग्णालय बदलो, तीस वर्षांनी झालेला दुसरा कॅन्सर त्याच्याच नावावर जमा होतो. आपल्याकडे मुंबईची नोंदवही १९६३ ची, देशातली पहिली. बार्शीची १९८७ ची, ग्रामीण भागातली पहिली, आणि तिच्या कार्यकर्त्यांनी खेडोपाडी जाऊन रुग्ण शोधण्याचं केलेलं काम खरोखर मोठं आहे. पण सोलापुरात किडनी काढलेला माणूस पंधरा वर्षांनी पुण्यात मुलाकडे राहायला गेला आणि तिथे त्याला दुसरा कॅन्सर झाला, तर ते दोन कागद एकत्र येण्याची हमी आपल्याकडे नाही. शिवाय परदेशी यादी जशीच्या तशी इथे लागू करण्यातही अर्थ नाही. मेलानोमा आपल्याकडे विरळ आहे. भारतीय पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. मशेरी, तंबाखू, गुटखा यांची सवय असलेल्या किडनीच्या रुग्णाच्या तोंडातला पांढरा चट्टा युरोपीय यादीत शोधून सापडणार नाही.

नोंदवही जे करत नाही ते निदान आपल्या घरापुरतं करता येतं. किडनीच्या ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट तर जपावाच, पण मेणाचा ब्लॉकही मागून घ्यावा. गाठीचा तुकडा मेणात बसवून केलेली ती छोटीशी वडी असते. वीस वर्षांनी कुठे नवी गाठ निघाली तर पॅथॉलॉजिस्ट दोन्ही शेजारी ठेवून उत्तर देऊ शकतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात ती गाडीत विसरू नये, एवढंच पथ्य.

आणि फेरतपासणीचा सीटी ‘क्लिअर’ आला म्हणजे सगळं शरीर पाहून झालं असं धरू नये. तो स्कॅन किडनीची जागा, उरलेली किडनी, यकृत आणि फुप्फुसं पाहण्यासाठी असतो. तोंडाच्या आतला चट्टा, स्तनातली सुरुवातीची गाठ, गर्भाशयाच्या मुखावरचा बदल, मोठ्या आतड्यातला छोटा पॉलिप हे त्यात सहसा दिसत नाही. त्यांच्या तपासण्या वेगळ्या असतात आणि त्या करायचं वय किडनीच्या कॅन्सरमुळे टळत नाही. लवकर सापडलेल्या, किडनीपुरत्याच मर्यादित कॅन्सरमध्ये पाच वर्षांनंतर ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण हयात असतात. त्यांच्यापुढे अजून बरीच वर्षं असतात, तेव्हा त्या तपासण्यांची तारीख युरोलॉजिस्टच्या फाईलमध्येच लिहून ठेवलेली बरी.